चैतन्य ताम्हाणे यांचे चित्रपट : खासगी अवकाश आणि आंतरराष्ट्रीय स्वीकार

प्रस्तावना

मराठी चित्रपट आणि व्हेनिसचा महोत्सव यांचे नाते जुने आहे. प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट १९३७ साली व्हेनिस येथे दाखविला गेला व तेथे गौरविला गेला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला त्याच महोत्सवात १९५७ साली सुवर्णसिंह मिळाला. मराठी भाषेपुरता मात्र हा धागा पुढे दीर्घकाळ तुटल्यासारखाच राहिला. तो पुन्हा जोडला गेला तो २०१४ साली, एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या पहिल्याच चित्रपटामुळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटास व्हेनिस येथे 'ओरिझोंती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि महोत्सवातील सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार एकाच वर्षी मिळाले. सहा वर्षांनी त्यांचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल' (२०२०) हा महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. मीरा नायर यांच्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर (२००१) हा मान कोणत्याही भारतीय चित्रपटास मिळाला नव्हता.

प्रस्तुत लेखात या दोन चित्रपटांच्या आधारे ताम्हाणे यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. या चित्रपटांत मोठ्या घटना जवळजवळ नाहीत. आहेत त्या माणसांच्या खोल्या, जेवणाची ताटे, रेल्वेचे डबे, रात्रीचे रस्ते आणि कामावरून घरी परतणे. अशा घरगुती, मुंबई परिसरापलीकडे फारसे न जाणाऱ्या सामग्रीतून देशोदेशींच्या प्रेक्षकांना धरून ठेवणारा चित्रपट कसा घडतो, हा पहिला प्रश्न. हाच चित्रपट ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथे राहणारा, त्यातील प्रत्येक खोली ओळखणारा प्रेक्षक कसा पाहतो, हा दुसरा. समीक्षेत दुसऱ्या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते; म्हणून येथे त्याला अधिक जागा दिली आहे.

घडण

१९८७ साली मुंबईत जन्मलेल्या ताम्हाणे यांनी मिठीबाई महाविद्यालयातून इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. किशोरवयातच त्यांनी दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखनविभागात काम केले. 'फोर स्टेप प्लॅन' (२००६) हा त्यांचा माहितीपट हिंदी चित्रपटसृष्टीतील उचलेगिरीविषयी होता. 'ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क' हे नाटक आणि 'सिक्स स्ट्रँड्स' हा दार्जिलिंगच्या चहाच्या पार्श्वभूमीवरील लघुपट ही यापुढील कामे. औपचारिक चित्रपटशिक्षण त्यांनी घेतले नाही.

या नाटकात काम करणारे विवेक गोम्बर पुढे 'कोर्ट'चे निर्माते झाले. पटकथा लिहिण्याच्या काळात त्यांनी ताम्हाणे यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो. पण मराठीत दिग्दर्शकाला विचार करण्यासाठी वेतन मिळणे ही किती दुर्मीळ बाब आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचेही साहाय्य पटकथेला लाभले. पुढे रोलेक्स कंपनीच्या गुरु-शिष्य उपक्रमात (२०१६-१७) मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांनी ताम्हाणे यांची शिष्य म्हणून निवड केली. क्वारोन त्या वेळी 'रोमा'च्या कामात होते, आणि ते काम ताम्हाणे यांना जवळून पाहता आले. 'द डिसायपल'चे कार्यकारी निर्माते म्हणून क्वारोन यांचे नाव झळकते ते यामुळे. गुरु-शिष्य परंपरेच्या अपयशाविषयीचा चित्रपट एका आधुनिक गुरु-शिष्य योजनेच्या छायेत पूर्ण व्हावा, यातला योगायोग मौजेचा आहे.

'कोर्ट' : न्यायालय आणि न्यायालयानंतरचे घर

'कोर्ट'चे कथासूत्र थोडक्यात सांगता येते. नारायण कांबळे हे पासष्टीचे लोकशाहीर. चाळीतील खोलीत मुलांच्या शिकवण्या घेतात आणि सभांमधून गातात. वासुदेव पवार नावाच्या गटारसफाई कामगाराचा मॅनहोलमध्ये मृत्यू होतो. कांबळे यांनी आपल्या गाण्यातून त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून पोलीस त्यांना भर कार्यक्रमात अटक करतात. मग खटला चालतो, किंवा अधिक नेमकेपणाने सांगायचे तर तारखा पडत राहतात.

कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार (निधन २०२१) हे प्रत्यक्षात नागपूरचे आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते व संपादक होते. चित्रपटाचे संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे आहे. व्यावसायिक नटांपेक्षा नटेतरांचा भरणा अधिक. या निवडीमुळे पडद्यावरील माणसे अभिनय करीत आहेत असे क्वचितच वाटते. न्यायालयातील शिपाई जसा वेळ काढतो, तसाच तो येथेही काढतो.

ज्या काळात हा चित्रपट घडत होता तो काळही विसरता येत नाही. कबीर कला मंचाच्या शीतल साठे व सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले होते. गाण्याचा कायद्याशी संबंध येतो म्हणजे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात त्या वर्षांत केवळ कल्पनेतला नव्हता. चित्रपट मात्र कोणत्याही एका प्रकरणाची नक्कल करीत नाही.

खटल्याचे कामकाज हे या चित्रपटातील सर्वांत विनोदी आणि सर्वांत अस्वस्थ करणारे द्रव्य आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यातील कलमे एकसुरी आवाजात वाचून दाखवतात. बचावपक्षाचे वकील विनय व्होरा (स्वतः विवेक गोम्बर) हा कायदा व्हिक्टोरिया राणीच्या काळचा असल्याचे दाखवून देतात. न्यायमूर्ती सदावर्ते (प्रदीप जोशी) यांना त्यात विशेष काही वाटत नाही. पोलिसांचा पंच हा इतर प्रकरणांतही पंच म्हणून उभा राहिलेला असतो. अध्यापकांनी वर्गात चित्रपट दाखवताना हे सांगणे इष्ट ठरेल की, हा १८७६ चा कायदा पुढे जानेवारी २०१८ मध्ये अमलात आलेल्या निरसन कायद्याने रद्द झाला, आणि आत्महत्येस प्रवृत्त करण्याविषयीचे भारतीय दंडसंहितेचे कलम ३०६ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आले आहे. कायद्याची नावे बदलली. चित्रपटात दिसणाऱ्या तारखांच्या कारभाराला या बदलांनी कितपत धक्का लागला, हे ठाणे किंवा कल्याणच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दुपार काढून विद्यार्थ्यांना स्वतःच पाहता येईल.

पवार यांच्या विधवेची साक्ष हा चित्रपटाचा मध्यबिंदू. ती काही फार बोलत नाही. नवरा गटारात उतरण्याआधी दारू पीत असे, कारण त्याशिवाय तो वास सहन होत नसे. सुरक्षेची साधने दिली जात नसत. गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्यापूर्वी तो आत दगड टाकी. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे. आत्महत्येचा सिद्धान्त या एका झुरळाने कोसळतो. न्यायालयात कोणीही आवाज चढवीत नाही, पार्श्वसंगीत वाजत नाही, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झेप घेत नाही. पुढे व्होरा तिला गाडीतून घरी सोडताना पैशाची मदत देऊ करतात; ती पैसे घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते.

ठाणे-कल्याण पट्ट्यातील वाचकाला हे सर्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. कल्याण पूर्वेत १ नोव्हेंबर २०१८ रोजी विहिरीच्या सफाईसाठी उतरलेल्या कामगारापासून सुरू झालेल्या दुर्घटनेत, वाचवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या दोन जवानांसह पाच जण विषारी वायूने दगावले. ठाण्याच्या ढोकाळी परिसरातील एका गृहसंकुलात मे २०१९ मध्ये सांडपाणी प्रक्रियेची टाकी साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा सुधारित कायदा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली; ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढविण्याची वेळ यावी यातच वस्तुस्थिती दडलेली आहे.

तथापि 'कोर्ट'चे वेगळेपण खटल्यात कमी आणि खटला संपल्यानंतरच्या दृश्यांत अधिक आहे. न्यायालय सुटले की चित्रपट एकेका पात्राच्या मागोमाग घरी जातो. व्होरा महागड्या दुकानात खरेदी करतात, गाडीत जॅझ ऐकतात, आईवडिलांकडे गेले की लग्नाचा विषय निघतो. एका ग्रंथातील उताऱ्यावरून दुखावलेल्या समूहाचे लोक त्यांच्या तोंडाला काळे फासतात; त्यानंतर ते सौंदर्यप्रसाधनगृहात चेहऱ्यावर उपचार करून घेताना दिसतात. नूतन लोकल गाडीत सहप्रवासिनीशी स्वयंपाकात कोणते तेल प्रकृतीला चांगले यावर बोलतात, मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, मधुमेही नवऱ्याच्या पथ्याची काळजी वाहतात.

नूतनचा हा दिवस डोंबिवलीच्या प्रेक्षकाला अनुवादाशिवाय समजतो. खांद्यावरची पिशवी, गाडीतली तात्पुरती ओळख, घरी पोहोचताच चप्पल काढण्याआधी गॅसकडे जाणारे लक्ष, हे सारे आपल्या घरातले आहे असे त्याला वाटते. तिच्याविषयी माया वाटते. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना सहज बोलून जाते की, न्यायाधीशांनी याला एकदाची वीस वर्षे द्यावीत आणि मोकळे व्हावे. तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला. ती दुष्ट नाही. तिला पाच चव्वेचाळीसची, सहा बाराची, कुठलीतरी गाडी पकडायची आहे. अन्याय करण्यासाठी क्रूर असावे लागत नाही, थकलेले असले तरी पुरते, हे ताम्हाणे कोणाच्याही तोंडी न घालता दाखवतात. रोज त्याच थकव्यातून जाणाऱ्या प्रेक्षकाला ते सर्वांत आधी लागावे.

याच ओघात नूतनचे कुटुंब सुटीच्या दिवशी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीय तरुणाची रेवडी उडवली जाते, मराठी बाप त्याला घराबाहेर काढतो, प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यगृह किंवा आचार्य अत्रे रंगमंदिरात शनिवार-रविवारचा प्रयोग पाहणाऱ्या रसिकाला हा प्रसंग विशेष बोचतो, कारण ताम्हाणे येथे रंगमंचाइतकीच प्रेक्षकांची रांगही दाखवतात. नाटकावर बंदी घालू पाहणारा जुना कायदा न्यायालयात वाचणारी वकीलबाई स्वतः एका आक्रमक नाटकाला टाळ्या वाजवते आणि तिला त्यात काही विसंगती जाणवत नाही.

कॅमेऱ्याचे अंतर

अशा चित्रपटाला 'जवळिकीचा' म्हणताना एक अडचण येते. मृणाल देसाई यांचे छायाचित्रण पाहिले तर कॅमेरा माणसांच्या जवळ फारसा जातच नाही. तो दालनाच्या एका टोकाला उभा राहतो, दृश्य सुरू होण्याच्या थोडे आधी तेथे असतो आणि ते संपल्यावरही थोडा वेळ रेंगाळतो. प्रचलित चित्रपटभाषेत जवळीक म्हणजे चेहऱ्याचे समीपदृश्य आणि सोबतीला व्हायोलिन. ताम्हाणे यांच्याकडे ती वेगळ्या वाटेने येते. चौकटीत एकाच वेळी पाच-सात माणसे असतात, त्यांतील कोणाकडे पाहावे हे सांगितले जात नाही, आणि प्रेक्षकाची नजर हळूहळू आपली आपण निवड करू लागते. आपण होऊन पाहिलेली गोष्ट अधिक जवळची वाटते. शेजारच्या खिडकीतून दिसणारे घर, त्या घराच्या पाहुण्यापेक्षा शेजाऱ्यालाच जास्त कळते, तसे काहीसे.

चित्रपटाचा शेवट या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होते. लोक निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि कॅमेरा अंधारात तसाच उभा राहतो. येथे चित्रपट संपला असे वाटते. पण संपत नाही. न्यायमूर्ती सदावर्ते गोतावळ्यासह सहलीला गेलेले दिसतात. न बोलणाऱ्या मुलासाठी ते अंकशास्त्र्याचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. दुपारी बाकावर त्यांचा डोळा लागतो. पोरे ओरडून त्यांना दचकवतात. हाती लागलेल्या एका मुलाला ते थप्पड मारतात, इतर पळून जातात, आणि न्यायमूर्ती पुन्हा डोळे मिटतात. ज्याला थप्पड बसली तो तोच न बोलणारा मुलगा असतो. कांबळे यांच्या खटल्याचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. जामीन मिळताच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा अटक झालेली असते, आणि सुटी लागलेली असते.

'द डिसायपल' : साधनेचा तोटा

'कोर्ट'ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. अशा यशानंतर दिग्दर्शकाकडून मोठ्या पटाच्या विषयाची अपेक्षा केली जाते. ताम्हाणे यांनी त्याहून अरुंद वाट निवडली. 'द डिसायपल'मध्ये अटक नाही, खटला नाही. शरद नेरूळकर (आदित्य मोडक) हा तरुण हिंदुस्थानी संगीत शिकतो आहे आणि तो थोर गायक होणार नाही, एवढेच येथे घडते. ते घडायला एका तपाहून अधिक काळ लागतो.

शरद आजीसोबत राहतो. दिवंगत वडील संगीताचे वेडे होते. स्वतः गायक म्हणून यशस्वी झाले नाहीत, ते वेड मुलात उतरवून गेले. गुरू विनायक प्रधान यांची भूमिका अरुण द्रविड यांनी केली आहे. ते स्वतः किशोरी आमोणकर यांचे शिष्य व रसायन अभियंता. गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शरद, आणि त्याच्याकडे अतिशय संथ गतीने सरकणारा कॅमेरा, अशी चित्रपटाची सुरुवात आहे. मिहाउ सोबोचिन्स्की यांच्या छायाचित्रणात मैफलीचे छोटे सभागृह, विरळ श्रोते, सतरंज्या यांना एक शांत तेज मिळते. संगीताच्या बाजूसाठी अनीश प्रधान यांचे मार्गदर्शन होते.

शरद रात्री मोटारसायकलवरून रिकाम्या रस्त्यांवर फिरतो आणि कानात 'माईं'ची ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकतो. माई म्हणजे गुरूंच्या गुरू. त्या कधीच पडद्यावर येत नाहीत. साधना ही लोकांसाठी नसते, गायकाने मन निर्मळ ठेवावे, अशा अर्थाचे त्यांचे बोल धूसर रात्रीत तरंगत राहतात. हा आवाज सुमित्रा भावे यांचा (निधन एप्रिल २०२१). परदेशी प्रेक्षकाला तो एका वृद्ध स्त्रीचा आवाज म्हणून ऐकू येतो. 'दोघी' वा 'अस्तु' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात मराठी समांतर चित्रपटाची एक अख्खी पिढी बोलताना ऐकू येते. आणि त्या आवाजातील कठोरपणा त्यामुळे अधिकच जवळचा, व म्हणूनच अधिक जाचक वाटतो.

माईंच्या आदर्शाखाली शरदचे प्रत्यक्ष आयुष्य चालू असते. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या तयार करून विकणे, आजारी गुरूंची सेवा, पोटापुरती शिकवणी, एकाकी रात्रीची शरीरवासना, स्नेहाविषयीची (दीपिका भिडे-भागवत) अबोल ओढ. एका प्रसंगी ध्वनिमुद्रणांचा संग्राहक व समीक्षक असलेला गृहस्थ माईंविषयी काही अप्रिय गोष्टी ऐकवतो. शरद पेल्यातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. पाणी फेकून बोललेले पुसले जात नाही. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेतील एका मुलीचे गाणे कार्यक्रमागणिक कसे बदलत जाते, हेही शरद पाहत राहतो. पुढे एका मैफलीत तो गाता गाता थांबतो आणि उठून निघून जातो.

ठाणे-कल्याण परिसरातील वाचकाला हा चित्रपट का ओळखीचा वाटावा, याचे कारण येथील सांगीतिक जीवनात आहे. ठाण्यात संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या नावाचा समारोह होतो, कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव रसिकांना ठाऊक आहे, आणि डोंबिवलीच्या कित्येक इमारतींतून संध्याकाळी पेटीचे सूर व अलंकारांची उजळणी ऐकू येते. या शिक्षणातून मध्यमा, विशारदपर्यंत पोहोचलेल्यांतील बहुतेक जण पुढे बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरीला लागतात. संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद होत नाही. इतिहास यशस्वी शिष्यांचा लिहिला जातो. 'तोडीचा गळा होता पण जमले नाही' अशा माणसांचा लिहिला जात नाही. ताम्हाणे यांनी तो लिहिला आहे, आणि शरदला दुर्दैवी प्रतिभावंत ठरविण्याचा सोपा मार्ग टाळला आहे. त्याचा रियाज खरा आहे, निष्ठा खरी आहे, गाणे बेताचे आहे. कष्टाला फळ येतेच, या शिकवणीवर उभ्या असलेल्या मध्यमवर्गासाठी, आणि ती शिकवण वर्गात रोज देणाऱ्या अध्यापकांसाठीही, 'कोर्ट'मधील अन्यायापेक्षा हे स्वीकारणे अधिक अवघड आहे.

चित्रपट व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा (फिप्रेस्की) पुरस्कार घेऊन आला व ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. ते दिवस साथीच्या दुसऱ्या लाटेचे होते. ज्या मैफलींविषयी हा चित्रपट आहे, त्या त्या वेळी सर्वत्र बंद होत्या.

दोन प्रेक्षक

अशा चित्रपटांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे चित्रपट परदेशी महोत्सवांसाठी बनतात. संथ गती, दीर्घ स्थिर दृश्ये, उघडा शेवट ही त्या महोत्सवांची ठरलेली चलनी नाणी आहेत. दारिद्र्य किंवा परंपरा विकून पुरस्कार मिळवले जातात. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. पटकथेला निधी देणारी संस्था, निवड करणारी समिती, वितरक आणि समीक्षक ही एक यंत्रणा असते आणि तिची स्वतःची रुची असते. 'कोर्ट' १७ एप्रिल २०१५ रोजी भारतात प्रदर्शित झाला तो महोत्सवांची शिफारस हाती घेऊनच; ती नसती तर त्याला चित्रपटगृहे मिळाली असती काय, याविषयी शंकेला जागा आहे.

पण आक्षेप चित्रपटांच्या तपशिलापाशी येऊन अडखळतो. परदेशी प्रेक्षकासाठी रचलेला चित्रपट त्याला समजेल अशी सामग्री निवडतो, न समजणारी स्पष्ट करतो. ताम्हाणे यांच्या चित्रपटांतील कितीतरी अर्थ उपशीर्षकांत मावतच नाही. कांबळे, पवार, सदावर्ते, व्होरा या आडनावांत जात, प्रांत आणि वर्ग यांचा जो हिशेब मराठी कान क्षणात करतो, तो परदेशी प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. न्यायालयातील मराठी, हिंदी, इंग्रजीची सरमिसळ उपशीर्षकांत एकाच भाषेची होऊन जाते, आणि कोणाला कोणत्या भाषेत बोलण्याचा आत्मविश्वास आहे, हे सूक्ष्म राजकारण त्यात विरून जाते. 'द डिसायपल'मध्ये एक तान नेमकी कोठे फसली, हे जाणकार श्रोत्याला शरदच्या चेहऱ्याआधी कळते. इतरांना चेहऱ्यावरूनच कळते. चित्रपट दोघांनाही पुरतो, पण दोघे एकच चित्रपट पाहत नाहीत. व्हेनिसच्या प्रेक्षकाला 'कोर्ट' ही यंत्रणेविषयीची गोष्ट वाटू शकते. ठाण्याच्या प्रेक्षकाला ती यंत्रणेत नोकरी करणाऱ्या आपल्याच आप्तांची गोष्ट वाटते. अधिक कठीण चित्रपट कोणाच्या वाट्याला आला, हे सांगायला नको.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्येही (२००५) मध्य रेल्वेचा तोच प्रवासी, तीच दमणूक आहे. माधव आपटे मात्र एके दिवशी फुटतो, हाती बॅट घेऊन शहरभर निघतो. प्रेक्षकाच्या मनातला राग तो प्रेक्षकाच्या वतीने व्यक्त करतो, आणि चित्रपटाच्या लोकप्रियतेचे मर्म त्यातच आहे. ताम्हाणे यांच्या पात्रांना असा स्फोट लाभत नाही. नूतन दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसते. त्यामुळे चित्रपटगृहातून बाहेर पडताना प्रेक्षकाजवळ मोकळे झाल्याची भावना नसते. जे साचले होते ते घेऊनच तो फलाटावर येतो. व्यावसायिक दृष्टीने ही उणीवच म्हणावी लागेल.

ताम्हाणे यांच्यानंतर ही वाट अधिक वाहती झाली आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. मुंबईतील परिचारिकांची ही गोष्ट उत्तरार्धात कोकणात उतरते आणि छाया कदम यांच्या पार्वतीमुळे तिला मराठी आधार मिळतो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाने २०२५ साली सनडान्स येथे जागतिक कथापट विभागाचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळविला. दोन्ही चित्रपट आवाज न चढवता, माणसांच्या खोलीत शिरून बोलतात. त्यांच्या दिग्दर्शकांवर ताम्हाणे यांचा थेट प्रभाव आहे असे म्हणणे घाईचे होईल. परंतु मराठी बोलणाऱ्या माणसांची छोटी गोष्ट जग लक्ष देऊन पाहते, ही खात्री २०१४ पूर्वी निर्मात्यांना देणे आजच्याइतके सोपे नव्हते.

'द डिसायपल'चे अखेरचे दृश्य लोकल गाडीतले आहे. शरद आता संसारी आहे. पत्नी आणि लहान मुलगी सोबत आहेत. डब्यात एक फिरता गायक शिरतो, वाद्य छेडत लोकगीत गात पुढे सरकतो, प्रवासी नाणी देतात किंवा खिडकीबाहेर पाहतात. त्याला गुरू कोण, घराणे कोणते, कोणी विचारीत नाही. शरद ऐकत राहतो. त्या चेहऱ्यावर सुटका आहे, असूया आहे की नुसताच दिवसभराचा शीण, हे ठरविण्याइतका वेळ कॅमेरा प्रेक्षकाला देतो. ठाण्यापुढच्या गाड्यांत असे गायक अनेकांनी ऐकलेले असतात, आणि बहुतेकांनी त्या वेळी मान वर केलेली नसते.